भित्तिचित्रावरची पुटे

भित्तिचित्राविषयी बोलताना आपण चित्रकाराविषयी बोलतो, विषयाविषयी बोलतो, रेषेच्या लयीविषयी बोलतो; भिंतीविषयी मात्र सहसा बोलत नाही. कागदावरचे चित्र चौकटीत बसवून दुसरीकडे हलविता येते. भित्तिचित्राला ही सोय नाही. ज्या गिलाव्यावर ते काढले, ज्या छपराखाली ते राहिले, ज्या जमिनीतून त्या भिंतीत ओल चढली, त्या सर्वांशी त्याचे आयुष्य बांधलेले असते. चाळीस-पन्नास वर्षांनी आपण त्याच्यासमोर उभे राहतो तेव्हा चित्रकाराने लावलेला रंग तर दिसतोच. पण त्यावर चढलेली काजळी, धूळ, क्षार, पुढच्या पिढीने मायेने दिलेले वॉर्निश आणि कोणीतरी ‘उजळून’ काढलेले डोळे-ओठही दिसत असतात. यांतले चित्रकाराचे किती आणि काळाचे किती, हे ठरविल्यावाचून केलेली समीक्षा ही चित्राची न होता पुटांची होते.

हे ठरविण्याचे शास्त्र गेल्या शतकात चांगले विकसित झाले आहे. तिरपा प्रकाश टाकून भिंतीवरचे फुगवटे पाहणे, अतिनील दिव्याखाली जुने वॉर्निश ओळखणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने रंगातील मूलद्रव्ये वाचणे, अवरक्त वर्णपटावरून रंगात सरस आहे, तेल आहे की कृत्रिम राळ आहे हे सांगणे, टाचणीच्या डोक्याएवढा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचे थर मोजणे, हे सारे आज शक्य आहे. वरवर पाहता ही प्रयोगशाळेतली कामे वाटतात. माझ्या मते ती रसग्रहणाची पहिली पायरी आहेत. बाजारातल्या डब्यातील तयार रंगांनी आपल्या डोळ्यांदेखत रंगविल्या गेलेल्या आधुनिक भिंतींच्या बाबतीत तर त्यांची निकड सर्वांत अधिक आहे. आणि अशा भिंती आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ आहेत.

अजिंठ्याचा पाठ

या विषयाचा सर्वांत मोठा पाठ आपल्या मराठवाड्यातच आहे. बिलोली आणि अजिंठा ही दोन्ही स्थळे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम याझदानी हे त्याचे प्रमुख. अजिंठ्याच्या लेण्यांतील गिलावा सुटत चालला होता, रंगाच्या खपल्या पडत होत्या. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून घेतले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, कडा बांधल्या. आज आपण पाहतो त्यातला काही भाग त्यांच्यामुळेच जागेवर राहिला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु रंग टिकावा आणि खुलून दिसावा म्हणून चित्रांवर चपड्याचा लेपही देण्यात आला. चपडा म्हणजे लाखेपासून केलेली राळ. आपला सुतार कपाटाला पॉलिश करण्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवतो, तीच.

लेप दिला तेव्हा चित्रे ओल्या खड्यासारखी चमकली असणार. चपड्याचा स्वभाव मात्र असा की तो वर्षागणिक पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, धूळ धरतो आणि कडक होत होत आखडतो. आखडताना तो खालचा रंग आपल्याबरोबर ओढतो. ज्या खपल्या बसाव्यात म्हणून लेप दिला, त्याच खपल्या लेपाने उचलल्या. शिवाय जुना झालेला चपडा सहजासहजी विरघळत नाही. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेला तो काढण्याचे काम तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग करीत, अत्यंत सावकाश करावे लागले.

समीक्षेच्या दृष्टीने यातली गोष्ट विचार करण्याजोगी आहे. याझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. जगाने अजिंठ्याचा रंग पुष्कळसा त्या खंडांतून पाहिला. आणि त्यांतल्या भिंतींवर तोवर लेप बसलेला होता. अजिंठ्याच्या चित्रांतील उबदार, सोनेरी-तपकिरी छटेचे जे कौतुक विसाव्या शतकात झाले, त्यातले थोडे तरी चपड्याचे कौतुक असले पाहिजे. मूळ रंगसामग्री साधी होती: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना व केओलिन, काळ्यासाठी काजळी, आणि दूरदेशाहून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा. हे रंग सरसासारख्या बंधकात कालवून सुकलेल्या पृष्ठभागावर लावले होते. निळ्यावर पिवळे वॉर्निश चढले की तो हिरवट दिसू लागतो, पांढरा मधासारखा दिसू लागतो. आकृत्यांमधले अंतर, एकीची उजळी आणि दुसरीची छाया, यांचे गणितच त्यामुळे बदलते. अशा भिंतीसमोर बसून ‘चित्रकाराने निळा रंग जपून वापरला आहे’ असे कोणी लिहिले, तर ते चुकीचे ठरण्याचा संभव आहे; आणि चूक लेखकाच्या रसिकतेची नसून माहितीची आहे.

गिलाव्याचीही अशीच कथा. पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे, म्हणजे अंबाडीसारखे चिवट, तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते सापडले नाहीत, आणि तेथे किड्यांनी गिलाव्याचे मोठे नुकसान केले आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने मातीत काय कालवले, यावर आज बोधिसत्त्वाचा खांदा दिसतो की नाही हे ठरते. चित्राच्या इतिहासात त्या गवंड्याचे नाव येत नाही. चित्र मात्र त्यानेच धरून ठेवलेले असते.

सिस्टाइनची धुलाई

अजिंठ्यात जे चपड्याने केले, ते रोममध्ये सरसाने आणि मेणबत्त्यांनी केले होते. सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत मायकेलॲंजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविले आणि ‘अंतिम न्याय’ हे वेदीमागचे चित्र १५३६ ते १५४१ या काळात. शतकानुशतके मेणबत्त्यांचा धूर आणि उपासकांच्या श्वासातील दमट हवा तेथे साचली. चित्रे काळवंडली की प्राण्यांच्या सरसाचा हात देऊन ती तात्पुरती उजळविली जात. तो सरसही पुढे काळा पडे. १९८० ते १९९४ या काळात ही पुटे काढण्यात आली आणि ८ एप्रिल १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या मंदिरात मिस्साबली अर्पण केला.

खाली निघालेला रंग पाहून कलाजगत चकित झाले. गूढ, उदास, मातकट रंगांचा म्हणून ज्याची ख्याती होती, त्या चित्रकाराने लिंबासारखा पिवळा, पोपटी, नारिंगी आणि जांभळा असे रंग शेजारी-शेजारी लावले होते. काही जाणत्या कलेतिहासकारांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की चित्रकाराने गिलावा वाळल्यावर स्वतःच्या हाताने दिलेल्या शेवटच्या छायाही धुतल्या गेल्या. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी घाईही करू नये. पण वादाचे स्वरूप पाहावे. दोन्ही बाजूंना बोलायचे होते ते थरांविषयी: हा काळा थर सरसाचा आहे की चित्रकाराचा? म्हणजे पूर्वी जो प्रश्न ‘आवडीचा’ होता, तो आता पुराव्याचा झाला. कलासमीक्षेला हा मोठाच लाभ आहे.

याच्या उलट बाजूचे, आपल्या जवळचे उदाहरण मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपेलचे आहे. इटलीतील बेर्गामो भागातून आलेले येशूसंघीय बंधू आंतोनिओ मोस्केनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील भिंती ओल्या चुन्यावर रंगविल्या आणि छतासाठी कॅनव्हासवर तैलरंग वापरले. ओल्या चुन्यावरच्या चित्राचे मर्म असे, की भिजवलेला चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकून राहतात. वेगळा सरस लागत नाही; भिंतच रंगाला धरते. तीन मीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या किनाऱ्यावर १९९१ ते १९९४ या काळात ‘इन्टॅक’ या संस्थेने या चित्रांचे जतनकार्य केले. एकाच माणसाच्या हातची दोन माध्यमे एकाच छपराखाली पाहता येतात, म्हणून ज्याला चुना आणि तेल यांचे वृद्धत्व कसे वेगळे असते हे समजून घ्यायचे आहे, त्याने तेथे अवश्य जावे.

डब्यातला रंग

आता आपल्या काळाकडे येऊ. आज भिंतीवर चित्र काढणारा माणूस बहुधा चुना भिजवीत नाही आणि सरसही कढवीत नाही. तो दुकानातून प्लास्टिक पेंट, ॲक्रिलिक किंवा इनॅमल आणतो. रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारी कृत्रिम राळ, पाणी, खडूची भुकटी, दाटपणा आणणारी द्रव्ये, बुरशीनाशक आणि राळेचे कण पाण्यात तरंगत ठेवणारी साबणासारखी द्रव्ये, असा मोठा परिवार त्या एका डब्यात असतो. डब्यावर छटेचे नाव असते, घटक नसतात. अजिंठ्याच्या चित्रकाराला आपल्या रंगात काय आहे ते पूर्ण ठाऊक होते. आधुनिक चित्रकाराला ते ठाऊक नसते. म्हणून कालचे चित्र तपासायलाही आज रसायनतज्ज्ञ लागतो.

अशा रंगाचा ऱ्हास मुख्यतः तीन वाटांनी होतो. पहिली वाट उन्हाची. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण राळेचे धागे तोडतात. राळ गेली की रंगद्रव्य मोकळे पडते आणि भिंतीवर बोट फिरविल्यास भुकटी लागते. पांढऱ्यासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड यात भर घालू शकते. त्याचा ‘ॲनाटेज’ हा प्रकार प्रकाशात भोवतालच्या राळेचे विघटन घडवून आणतो; ‘रुटाइल’ हा प्रकार त्या मानाने सौम्य आहे. रंगद्रव्यांचे आयुष्यही सारखे नसते. काजळीचा काळा, लोखंडाच्या मातीचे तांबडे-पिवळे आणि थॅलोसायनिन जातीचे निळे-हिरवे दीर्घकाळ टिकतात. काही कृत्रिम लाल-पिवळे आणि झगझगीत ‘फ्लुरोसंट’ रंग लवकर विटतात. परिणाम असा, की चित्र सर्व बाजूंनी सारखे फिके होत नाही. आकाशाचा निळा राहतो, आणि तांबड्या-पिवळ्याच्या मिश्रणातून केलेली त्वचा निस्तेज होते. पुढच्या पिढीचा समीक्षक मग त्या फिकट चेहऱ्यांत ‘वैराग्य’ शोधू लागतो.

दुसरी वाट उष्णतेची आणि धुळीची. ॲक्रिलिक राळ उन्हात मऊ पडते. नांदेडकडच्या वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा मऊ झालेल्या त्या पृष्ठभागात रस्त्याची धूळ रुतून बसते. रंगातील साबणासारखी द्रव्येही हळूहळू वर येतात आणि तीच धूळ धरतात. अशा भिंतीवर ओले फडके फिरविणे म्हणजे धूळ, ती द्रव्ये आणि थोडा रंग असे सगळेच एकदम पुसणे.

तिसरी वाट पाण्याची, आणि ती सर्वांत वाईट. भिंतीतली ओल आपल्याबरोबर क्षार आणते. बाहेर पडताना पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि वाढताना गिलाव्याचे कण एकमेकांपासून उचकटतात. यालाच आपण ‘लोणा लागला’ म्हणतो. गोठ्याजवळच्या भिंतीला लोणा लवकर लागतो, कारण जनावरांच्या मूत्रातून नायट्रेट क्षार जमिनीत मुरतात. सिमेंटही आपल्याबरोबर क्षार घेऊन येते. चुन्याची भिंत श्वास घेते, निदान ओल बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिकचा किंवा तेलाचा बंद थर दिला, की ओल त्याच्या मागे कोंडते, फुगा धरते आणि पोपडा घेऊन पडते. सिमेंटच्या ताज्या गिलाव्यावर इनॅमल लावले तर आणखी एक गंमत होते: तेलावर क्षाराची क्रिया होऊन त्याचा अक्षरशः साबण बनतो.

मुंबईच्या आधुनिक भिंती या निकषांवर पाहण्यासारख्या आहेत. तुळशी पाइप रस्त्यालगतची लांबलचक भिंत २००९ साली अनेक हातांनी रंगविली. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर २०१४ च्या ऑक्टोबरात रणजित दहिया आणि जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्च यांनी महात्मा गांधींची चोपन्न फुटी प्रतिमा काढली. पहिल्या भिंतीत उत्साह आहे, रंगांची जत्रा आहे. तिचे आयुष्य रांगोळीसारखे होते आणि त्यात तिचा कमीपणा नाही. दुसऱ्या चित्रात कृष्णधवल छटांची निवड आहे. ती गांधींच्या व्यक्तिमत्त्वाला शोभते, एवढेच आपण म्हणू. पण रसायनाच्या बाजूनेही ती शहाणी निवड आहे, कारण काळा आणि पांढरा हे उन्हात रंग न बदलणारे सोबती आहेत. शैली आणि टिकाऊपणा यांचा विचार एकत्र होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

चर्चच्या भिंतीचे उदाहरण हवे असेल तर इटलीतील पिसा शहराचे आहे. तेथील संत अंतोनी मठवासी यांच्या चर्चमागच्या भिंतीवर अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग याने जून १९८९ मध्ये ‘तुत्तोमोन्दो’, म्हणजे ‘अवघे जग’, हे तीस आकृत्यांचे चित्र काढले. पुढच्या फेब्रुवारीत तो मरण पावला. हे चित्र टिकावे अशी त्याची इच्छा होती; रंगही चांगल्या कंपनीचे होते. तरीही दोन दशकांत पृष्ठभाग मलूल झाला. पिसा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी रंगांचे पृथक्करण केले आणि २०११ साली भिंतीची सफाई झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट क्रमाची आहे. आधी पृथक्करण, मग हात. रंगविणारा, वर्ष, कंपनी हे सारे ठाऊक असतानाही त्यांनी भिंतीला विचारल्यावाचून ब्रश उचलला नाही.

बिलोलीकडची एक भिंत

हे सगळे दूरचे वाटू नये म्हणून आमच्या बिलोली भागातील एका लहान प्रार्थनामंदिराच्या भिंतीचे परीक्षण येथे करतो. गावाचे नाव देत नाही. वेदीमागच्या भिंतीवर दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका पेंटरने बऱ्याच वर्षांपूर्वी काना गावच्या लग्नाचे चित्र काढले आहे. त्याने कधी चित्रशाळा पाहिली नसावी, आणि रेखाटनात दोष आहेत: नवऱ्या मुलाचा हात फार आखूड आहे, मांडवाचे खांब एकमेकांशी जुळत नाहीत. पण रचनेत त्याला एक गोष्ट सुचली आहे, जी पुष्कळ नामांकित चित्रांत नसते. त्याने लग्नघरची मंडळी मागे, लहान ठेवली आणि पाणी भरणारे चाकर पुढे, मोठे घेतले. मुंडासे बांधलेला एक म्हातारा रांजणात घागर ओततो आहे. एक बाई पदर खोचून दुसरी घागर उचलते आहे. दगडी रांजण अगदी आपल्याकडचे. मरीयामाता दारात उभी आहे आणि तिची नजर प्रभूकडे नसून त्या चाकरांकडे आहे. ज्यांना द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक होते, ते चाकरच होते. हा शुभवर्तमानातला तपशील पेंटरने बरोबर हेरला आहे. रांजणातल्या पाण्यासाठी त्याने वापरलेला निळा हा चुन्यात घालण्याच्या निळीचा असावा. ही नीळ रासायनिक दृष्ट्या अजिंठ्याच्या लाजवर्दी निळ्याचीच कृत्रिम बहीण आहे आणि चुन्याच्या क्षाराला दाद देत नाही. तो निळा आजही टवटवीत आहे.

बाकीचे चित्र इनॅमलमध्ये आहे आणि त्याची अवस्था वाईट आहे. वरच्या भागातील चेहरे फिकटले आहेत. खालचा तिसरा हिस्सा लोण्याने फुगला आहे. चाकरांचे पाय गेले, बाईचा अर्धा पदर गेला, म्हाताऱ्याच्या हनुवटीपर्यंत पोपडे आले आहेत. पाहणारा सहज म्हणेल की रंग हलका होता. भिंतीच्या मागे जाऊन पाहिले तर कारण वेगळे दिसते. छपराची पन्हळ फुटलेली आहे आणि पावसाचे पाणी नेमके तेथे उतरते. आवारात टाकलेल्या काँक्रीटमुळे जमिनीची पातळी आतल्या फरशीहून वर गेली आहे. ओल थांबावी म्हणून मध्यंतरी बाहेरून कंबरभर सिमेंटचा गिलावा केला. त्यामुळे ओल थांबली नाही, वर सरकली. शिवाय ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला तडे देते. पेंटरचा दोष एवढाच की त्याने ओल्या भिंतीवर तेलकट रंग दिला, आणि त्याला वेगळे कोणी सांगितले नव्हते.

आता सणापूर्वी काय करावे यावर धर्मग्राम मंडळात तीन मते आहेत. एक, कंबरेपर्यंत टाइल्स बसवाव्यात. दोन, शहरातून चांगला चित्रकार आणून सगळे नव्याने, ‘ओरिजिनल’सारखे रंगवून घ्यावे. तीन, एखाद्या प्रसिद्ध युरोपीय चित्राचा मोठा फ्लेक्स छापून भिंत झाकावी. तिन्ही मते भक्तीतून आलेली आहेत, आणि रोज झाडलोट करणाऱ्या आजींचे चौथे मतही तितक्याच मायेचे: “फादर, ओल्या फडक्यानं जरा पुसून घेऊ का? चेहरे दिसतील तरी.”

या चारही उपायांना माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे भावनेची नाहीत. टाइल्समुळे ओल आणखी वर जाईल आणि पाच-सहा वर्षांत मरीयामातेपर्यंत पोहोचेल. नवा रंग त्याच क्षारांवर बसेल आणि त्याच क्षारांनी पडेल; मधल्या काळात जुना मात्र कायमचा झाकला किंवा खरवडला जाईल. फ्लेक्सच्या मागे हवा खेळणार नाही, बुरशी धरेल. ओल्या फडक्याने भुकटलेला रंग फडक्यावर येईल. म्हणजे जो ऱ्हास वीस वर्षांत झाला असता तो आपण एका सणात पुरा करू.

कलेच्या बाजूनेही विचार करावा. येथे ‘ओरिजिनल’ म्हणजे काय? युरोपातील संग्रहालयात असलेले चित्र आपले मूळ नव्हे. या गावासाठी मूळ चित्र हेच आहे, कारण चाकरांना मुंडासे बांधण्याची कल्पना याच भिंतीवर प्रथम सुचली. ते गेले तर त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांनी आयुष्यात समोर उभे राहून पाहिलेले हे एकमेव हाताने काढलेले चित्र आहे. मुलांनी रांजणांची संख्या मोजत कंटाळवाणे प्रवचन पार पाडले आहे. त्यांना ते मोजता यावे एवढा तरी भाग राहायला हवा.

आधी पन्हळ

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे; फक्त सावकाश आहे. प्रथम पन्हळ दुरुस्त करावी. मग भिंतीलगतचे काँक्रीट फोडून पाणी दूर वळवावे. बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढून तेथे चुन्याचा द्यावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीला सुकू द्यावे. या काळात दर ऋतूत एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे, म्हणजे लोणा वाढतो की थांबतो हे कळेल. भिंत सुकल्यावरच जाणकाराला बोलवावे. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे. विचारल्यास वाट सापडते. सुटलेल्या खपल्या जागेवर बसविता येतात. जेथे रंग गेलाच आहे तेथे नवे पाय काढू नयेत. शांत, एकसारख्या छटेने ती जागा भरावी. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांनी अशा जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची रीत रुजविली. लांबून चित्र एकसंध दिसते. जवळ गेल्यावर जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखता येते. पाहणाऱ्याला न फसविण्याची ही रीत आपल्यालाही शोभेल.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत पवित्र कलेला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. धर्मगुरूंनी शिक्षणकाळातच कलेचा इतिहास शिकावा आणि ख्रिस्तसभेच्या कलाठेव्याची पारख करून तो जपावा, असा त्यातील एका कलमाचा आशय आहे. हा ठेवा रोममध्ये किंवा जुन्या गोव्यातच असतो असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. पाट्या रंगविणाऱ्या माणसाने इनॅमलमध्ये काढलेले चित्रही त्यात बसते. किंबहुना त्याची निगा अधिक कठीण आहे, कारण त्याच्याविषयी कोणी काही लिहून ठेवलेले नसते.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाच्या मालमत्ता नोंदवहीत एक पान भिंतीवरच्या चित्रांसाठी ठेवावे, अशी सूचना करतो. चित्र कोणी काढले, कोणत्या वर्षी काढले, भिंत चुन्याची की सिमेंटची, रंगाच्या डब्यावर कंपनीचे व छटेचे काय नाव होते, पुढे कोणी काय दुरुस्त केले, एवढे त्यात असावे. चित्रकार हयात असेल तर त्याच्याकडूनच लिहवून घ्यावे. काना गावच्या त्या लग्नाचा निर्णय हा मजकूर लिहीपर्यंत झालेला नाही. मंडळाची पुढची सभा पावसाळ्यापूर्वी आहे, आणि सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय पन्हळीचा असावा एवढी माझी विनंती आहे.